खडे वेचणाऱ्या पोरी

नाना, काल धुळ्याहून आले ती तुमच्याशी भांडायचं ठरवूनच. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. दर सणाला मी तुमच्या फोटोला हार घालते, आणि इतक्या वर्षांत एकदाही तोंड वर करून बोलले नाही. पण तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात, त्यापेक्षा आता माझं वय जास्त आहे. म्हणजे हिशेबाने मी तुमच्याहून मोठी झाले, आणि मोठ्या माणसाने लहानाला चार शब्द सुनावलेले चालतात. तेव्हा खाली बसा आणि ऐका.

यंदा थंडी पडल्यापासून मी आणि गोलकीपर पोरींच्या फुटबॉलच्या कपचे सामने बघत हिंडतोय. गोलकीपर म्हणजे शाळेच्या कुंपणापलीकडे राहायची ती माझी मैत्रीण. आता तिची नात आपल्या फैजपूरच्या संघात गोल सांभाळते, पण मी आजीलाच गोलकीपर म्हणते, कारण तो मान आधी तिचा होता. तिचे गुडघे गेलेत. एसटीच्या पायऱ्या चढताना मी मागून रेटते, तेव्हा कुठे ती आत पडते. पहिला सामना गावातच झाला. दुसरा जामनेरला, गुरांच्या बाजाराजवळच्या मैदानावर. तिथे गोलला जाळीच नव्हती, त्यामुळे बॉल खांबाच्या आतून गेला की बाहेरून यावर पाव तास भांडण. जळगावला हिरवळ होती, पण पोरींना वेळ दिली भर दुपारी साडेबाराची, कारण सकाळचं गार ऊन पुरुषांच्या संघांना लागत होतं. आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून नेतो, डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसतो, आणि गोलकीपर तिथून नातीला ओरडते, “अगं पुढं ये, पुढं ये, तिथं खांबापाशी काय सारवत बसली?” सगळं मैदान हसतं. नातसुद्धा.

धुळ्याला शेवटचा सामना ठरला आणि तिथे मुक्काम करायचा म्हणून शाळेने घरोघरी संमतीचा कागद पाठवला. नातीच्या बापाने, म्हणजे गोलकीपरच्या मुलाने, तीन दिवस त्याच्यावर सही केली नाही. रोज म्हणायचा, बघू. चौथ्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात भरीताची वांगी भाजत बसले होते. पोरगी ताटावर बसलेली, पण घास तोंडात जात नव्हता.

“बघू म्हंजे काय रे?” गोलकीपरने विचारलं.

“आई, मोठी झाली आता ती. मुक्कामाला पाठवायचं म्हणजे लोक विचारतात.”

“कोणते लोक? नाव सांग. मी जाऊन येते त्यांच्याकडं.”

तिने पिठाचे हात लुगड्याला पुसले. “आण तो कागद. पालकाची सही लिव्हलंय ना? तू हिचा पालक, मी तुझी पालक. म्हंजे मी मोठी पालक.” आणि केली सही. चार अक्षरं, चारही चार दिशांना तोंड केलेली, वर पिठाचा अंगठा. मी हसले, मग वांगं सोलता सोलता माझे हात थांबले. मला आपलं स्वयंपाकघर आठवलं, नाना. आणि तुम्ही.

तुम्ही शाळेचे ड्रिल मास्तर. दर शनिवारी पोरांचा सामना, आणि त्याच्या आदल्या दिवशी आम्ही पोरी रांगेने मैदानात. परकराच्या ओच्यात खडे, गोटे, सराटे वेचून भरायचे आणि कुंपणाबाहेर टाकायचे. तुम्ही म्हणायचात, कापूस वेचणारे हात आहेत, एक खडा सुटणार नाही. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं, वेड्यांना. पण सकाळी उजाडताना, मैदानावर कोणी नसताना, तुम्ही फक्कीच्या रेघा मारायचात आणि मी बॉल घेऊन असायचे. डाव्या पायाने मारायला मला तुम्हीच शिकवलं. अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही गोलात उभे आहात, धोतराचा सोगा खोचलेला आहे, मी मारते, बॉल तुमच्या हाताखालून जातो आणि तुम्ही स्वतःशीच हसता. ते हसणं मी खरं मानलं. ती माझी चूक.

मी नववीत असताना जळगावहून नव्या बाई आल्या. त्यांनी अकरा पोरी जमवल्या आणि जळगावच्या सामन्याला न्यायचं ठरवलं. कागद घरोघरी गेले. आपल्या घरी तुम्ही तो चुलीच्या उजेडात वाचलात. आई भाकरी थापत होती, तिच्या हातांचा आवाज थांबला. तुम्ही कागदाची घडी करून मिठाच्या बरणीखाली सरकवलीत आणि म्हणालात, “मैदान वेचायला पोरी बऱ्या. पळायला लागल्या म्हणजे गाव बघतं.” एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि त्याच संध्याकाळी बाजारातून माझ्यासाठी नव्या चपला आणल्यात, पट्ट्याला पितळी बकल असलेल्या. का, तर खडे वेचताना पायाला टोचू नये. अहो, ज्या पोरीला पळायचंय तिला तुम्ही वाकून काम करायच्या चपला दिल्यात, आणि वर पाठीवरून हात फिरवलात.

माझं एकटीचं गेलं असतं तर मी एव्हाना विसरले असते. संसार केला, स्वतःच्या हिकमतीने शिवणकाम शिकले, कागदाच्या पुड्या वाचत वाचत वाचायचा नाद लावून घेतला, माझं काही अडलं नाही. पण ड्रिल मास्तरच आपल्या पोरीला पाठवत नाहीत म्हटल्यावर बाकीच्या घरांनी काय करायचं? मास्तरांनी नाही म्हटलं म्हणजे त्यात काहीतरी असेल, असं म्हणत दोन दिवसांत दहाच्या दहा कागद माघारी आले. गोलकीपरच्या बापाने तर सही करून ठेवली होती, ती खोडली. तुम्ही एका पोरीला नाही म्हणालात आणि अकरा घरांच्या दारांना कडी लागली. बाई पुढच्या वर्षी बदली करून गेल्या. तुम्हाला हे कळलं नसेल असं मला कोणी सांगू नये. तुम्ही दुसऱ्याच दिवशी फक्की मारत होतात, आणि रेघ सरळच होती.

आता कालचं ऐका. धुळ्याच्या मैदानावर मांडवात रिकाम्या खुर्च्या होत्या. गोलकीपरला बसवायला गेले तर तिथला राखणदार म्हणाला, “माय, त्या बठ्ठ्या खुर्च्या पाव्हनासन्या शेतस.” म्हणून आम्ही खाली बसलो. पाहुण्यांचा पत्ता नाही. अर्ध्या मैदानात पुरुषांचा कुठलासा संघ मजेत बॉल तुडवत होता. तेवढ्यात आयोजकांपैकी एक पांढऱ्या शर्टाचा गृहस्थ माइकवरून म्हणाला, “पोरींनो, पाहुण्यांना वेळ आहे. तोवर गोलजवळचे खडे वेचून घ्या बरं.” आणि नाना, त्या पोरी वाकल्या. पाठीवर नंबर लावलेल्या, केस घट्ट बांधलेल्या, अंतिम सामन्याला आलेल्या पोरी मुकाट्याने वाकल्या. तेही चाललं असतं एक वेळ, पण माझेही हात आपोआप खाली गेले. पदर खोचलेला, ओच्यात चार खडे. पन्नास वर्षांनी तुमची शिकवण माझ्या हातांत जशीच्या तशी. त्या क्षणी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा उभ्या जन्मात आला नव्हता.

मी तशीच त्या गृहस्थाकडे गेले आणि खडे त्याच्यासमोर टेबलावर ओतले, हारांच्या ताटाशेजारी.

“या खेळायला आल्यात. वेचायचं असेल तर तुम्ही वाका.”

“आजी, तुम्ही कोणाच्या?” तो माइक हाताने झाकत म्हणाला.

“मी ड्रिल मास्तरची पोरगी. माझं वेचून झालंय.”

तो कसनुसा हसला आणि फोन कानाला लावून दुसरीकडे गेला. पण मघाचा तो राखणदार घमेलं घेऊन आला. म्हणाला, “ऱ्हाऊ दे माय, मी येचस. तू बस तठे खुर्चीवर.” मग दुसऱ्या अर्ध्यातले दोघं-तिघंही येऊन वाकले. मी गोलकीपरला खुर्चीवर बसवलं. ती म्हणाली, “घे, झालो पाव्हण्या. आता शाल कोण देतं ते बघ.”

सामना तासभर उशिरा सुरू झाला. नातीने तीन बॉल अडवले, त्यातला एक तर हवेत आडवी होऊन. शेवटी शेवटी कोपऱ्यातून आलेला एक मात्र तिच्या बोटांना लागून आत गेला, आणि संघ हरला. पोरगी खांबाला धरून रडत होती. मी उठायला लागले तर गोलकीपरने माझा हात धरला.

“रडू दे तिला,” ती म्हणाली. “आपल्याला हरायला बी मिळालं नव्हतं.”

तिने कधीच मला विचारलं नाही, की तुझ्या घरचा कागद काबरं आला नाही. काल नाही, आणि मधल्या इतक्या वर्षांतही नाही. येताना एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि पारोळ्यापासून घरापर्यंत मला तुमच्यावर धड रागावताही येईना.

कारण तुम्हालाही माहीत नाही अशी एक गोष्ट आहे. त्या वर्षीच्या सुरुवातीला फक्कीचा चुना भिजवताना तुमचा उजवा हात भाजला होता. दोन महिने शाळेच्या हजेरीच्या कॅटलॉगवर तुमच्या सह्या मी करत होते. तुम्हीच शेजारी बसून शिकवल्यात, शेवटच्या अक्षराची शेपटी कशी मागे वळवायची तेसुद्धा. कागद द्यायच्या दिवशी सकाळी घरात मी एकटी होते. बरणी उचलली, कागद काढला, दौतीत टाक बुडवला. बाईंना शंकाही आली नसती. अकराच्या अकरा पोरी गेल्या असत्या. मी कागदाची पुन्हा घडी केली आणि बरणी जागेवर ठेवली. सगळ्यांना, स्वतःलासुद्धा, मी तुमचा धाक हेच कारण सांगत आले. खरं सांगायचं तर त्या चपला मला फार आवडल्या होत्या.

हे पत्र शिवणयंत्राच्या खणात राहील, रिकाम्या बॉबिनांच्या खाली. घडी घालण्याआधी तळाशी तुमची सही करून पाहिली. शेपटीसकट, पहिल्याच झटक्यात आली.