शिंगाड्याचा काटा सोसणारी होडी

हैदराबाद

बाबा,
टीनाचा नमस्कार. मी मजेत आहो.

तुमच्यासाठी हवा भरायची एकट्याची होडी आज पक्की केली. दुकानदार मले रंगच दाखवून राहिला होता. आपला तलाव शिंगाड्यानं भरलेला, त्याले काय माहीत? तुम्ही धाडलेला वाळला शिंगाडा पर्समधून काढला अन् काटा रबरावर दाबला. दोन होड्यांत घुसला, दुकानदार वरडला. तिसरीत घुसला नाही. तीच घेतली.

पायानं वल्हवता येते, मासोळीसाठी गरी टाकाले हात मोकळे.

तुम्ही डोंग्यातून पडले, हे आईनं मले बिलकुल सांगितलं नाही. तिच्यावर चिडू नका. खांदा कसा आहे?

होडी एकाच माणसाची आहे. दिवाळीत मी घरी आली का आधी मीच बसून पाहीन. तुम्ही तलावाच्या पाळीवरून वरडत राहा.

तुमचीच,
टीना