झायचिखा (निर्जन)

झायचिखा, २० सप्टेंबर

आदरणीय रिम्मा वन्संना कापितोलिनाचा नमस्कार.

तुमचे गुडघे आणि रक्तदाब आपापल्या जागी असतील अशी आशा करते. माझी प्रकृती ठणठणीत आहे. नऊ वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. (तुमचा भाऊ गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात माझ्या कोबी भरून भाजलेल्या पिरोगला तुम्ही चारचौघांत खारट म्हणालात, तो विषय मी इथे काढणार नाही.)

गेल्या ऑक्टोबरात जनगणना झाली. तालुक्याच्या कचेरीने आमच्या कोपऱ्यातली सात गावं माझ्याकडे सोपवली. मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला म्हणून, आणि खरं सांगायचं तर चालत जायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. आपला तालुका तुम्हाला माहीत आहे. वाळत घातलेल्या मोज्यासारखा लांबडा, एका टोकाला मेरगा नदी, दुसऱ्या टोकाला दलदल, आणि मधल्या जंगलात फाटक्या कोटाला उरलेल्या बटणांइतकी माणसं. एकही सुटू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. अळंबी वेचायला गेलेल्या एका बाईसाठी तिच्या पायरीवर तीन तास बसले. म्हातारा पाफ्नूती मला पाहून न्हाणीघरात शिरला आणि आतून कडी लावली, तर मी त्याला दाराबाहेरून मोजलं. जन्मसाल सांगितलंन, शिक्षण सांगितलंन, आणि शेवटी म्हणाला, "बाई, मेलो म्हणून लिहा ना. पोरगी निदान बघायला तरी येईल." मी जिवंत असंच लिहिलं. नियम म्हणजे नियम. एकूण एकोणीस माणसं भरली. खाली रेघ मारून सही केली आणि कागद पाठवून दिले.

या ऑगस्टात रोदिओनने (दर गुरुवारी पावाची गाडी आणतो तो) तालुक्याचा नवा नकाशा आणून माझ्यापुढे धरला. झायचिखा जागेवर होतं, नदीचं वळणही बरोबर होतं. पण नावाखाली कंसात, बारीक तिरप्या अक्षरांत, एक शब्द छापला होता: निर्जन. मी म्हटलं, छपाईची चूक असेल. रोदिओन टोपी कुरवाळत म्हणाला, "काकू, तुम्ही इथे राहतच नाही असं ठरलंय. न राहणाऱ्या माणसाला पाव द्यायला मला डिझेल कोण देणार?" एवढं बोलून त्याने मला दोन पाव दिले आणि तो गेला.

मी कचेरीत गेले. खिडकीमागे स्नेझाना, माझीच विद्यार्थिनी. (सातवीत हिने उत्तरेकडे वाहणारी ओब नदी काळ्या समुद्रात सोडली होती.) तिने यंत्रात बघून सांगितलं की झायचिखात शून्य. ज्या आवाजाने मागचे बाक गप्प व्हायचे त्या आवाजात मी विचारलं, हे मोजलं कोणी? तिने कागद माझ्याकडे फिरवला. खाली माझीच सही.

वन्सं, सहा गावांत मी प्रत्येक दार ठोठावलं. सातवं गाव माझं. शेजारच्या अक्सीन्याला तिचा मुलगा जनगणनेआधीच्या वसंतातच शहरात घेऊन गेला, तेव्हापासून इथे माझं एकच दार उरलंय, आणि ते मी ठोठावलं नाही. घरात कोणी नाही हे मला ठाऊक होतं. मी मोजायला बाहेर पडले होते ना.

स्नेझाना हसली नाही. "बाई, स्वतःच्या दारावर कोण टकटक करतं?" एवढंच म्हणाली, आणि तेही मायेने, म्हणून जास्त लागलं. मग तिने नियम सांगितला. दहा ऑक्टोबरला समिती पाहणीला येईल. पण मी इथे राहते हे मी स्वतः सांगून चालत नाही, गावातल्या दुसऱ्या रहिवाशाची सही लागते. सही नसेल तर हिवाळ्यात पावाची गाडी बंद, रस्त्यावरचा बर्फ काढणारं यंत्र बंद, आणि माझी रवानगी वृद्धाश्रमात. तिथे एका खोलीत तीन म्हाताऱ्या आणि कधीच बंद न होणारा टीव्ही असतो.

बाकी सर्व क्षेम. यंदा दलदलीतली लाल बोरं भरपूर लागली आहेत. तुमच्या भावाने लावलेल्या सफरचंदाला पहिल्यांदाच फळ धरलंय. आंबट आहे, त्याच्यावर गेलंय.

तुमची वहिनी,
कापितोलिना साव्विश्ना

ता. क. दहा तारखेच्या आधीच्या गुरुवारी रोदिओन गाडी घेऊन स्टेशनवर येईल. समितीपुढे एक सही करायची, दोन दिवसांचं काम. उशी स्वतःची आणा, इथल्या उशीला तुम्ही नावं ठेवता.

आणखी एक. मी स्नेझानाला सांगून टाकलंय की माझ्या वन्सं इथेच राहतात, फक्त आत्ता अंघोळीला गेल्या आहेत. छत्तीस वर्षं मुलांना खोटं बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं केलं. हे एक खोटं ठरू नये, याची जबाबदारी आता तुमच्यावर.

आणि हो. परवा सराव म्हणून मी स्वतःचं दार बाहेरून ठोठावलं. आवाज स्वच्छ येतो. उघडायला कोणी आलं नाही.

सहीला दोन दिवस पुरतात, हे वर लिहिलंच आहे. तळघरात बटाटे मात्र दोघींना मे महिन्यापर्यंत पुरतील इतके भरलेत.

पिरोग खारट होता.