डॉक्टरीणबाईंची अक्कादी

३ ऑक्टोबर

दातांच्या दवाखान्याचा बोर्ड आज उतरवला. खुर्ची, ड्रिल, सगळं नव्या डॉक्टर मुलीने घेतलं. जाताना म्हणते, "मॅडम, आता आराम!" आराम कसला? एम.ए.ला बसायचंय मला. अक्कादी आणि सुमेरी — मेसोपोटेमियाच्या भाषा. दोन्ही मरून हजारो वर्षं झाली, तेव्हा चुका काढायला कोणी नसणार असं वाटलं होतं. असतात! प्राध्यापक असतात.

जागा एकच. ही तुकडी शेवटची, ती बाहेर पडली की विभागाला कुलूप. आत्ता नाही तर कधीच नाही.

उभा जन्म "आ करा" म्हणत काढला. लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना प्रश्न विचारले, उत्तर एकालाही देता आलं नाही. आता ज्यांची तोंडं कायमची मिटली, त्यांचं तरी ऐकून घेईन म्हणते.

५ ऑक्टोबर

लेकीचा फोन. "आई, या वयात लोक देवाचं नाव घेतात." म्हटलं, घेतेच आहे. देव जरा जुने आहेत, एवढंच.

९ ऑक्टोबर

खुणा पाठ होईनात! ओल्या मातीत बोरू टोचून केलेल्या पाचरी नुसत्या. त्यात एकेका खुणेचे दहा अर्थ. ताऱ्यासारखी एक आहे — कधी आकाश, कधी देव, कधी नुसता 'अन्' असा उच्चार. माणसं होती की वकील?

कार्डं केली. पुढे खूण, मागे उत्तर. समोर धरायला माणूस हवा. घरात रिकामा माणूस एकच — हे. औषधाचं दुकान विकल्यापासून बसून बसून खुर्चीला खड्डा पाडलाय.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही हं," आधीच सांगून मोकळे. म्हटलं, कळायचंय कशाला? धरायचंय.

१० ऑक्टोबर

पानासारखं उलटायचं सोडून हे कार्ड खालून वर उलटतात! मागचं उत्तर मग डोक्यावर उभं. मान वाकडी करून वाचतात आणि वर मलाच म्हणतात, "चूक."

सांगून थकले. "हात तसाच जातो गं. दुकानात भिंतीवर कॅलेंडर होतं ना."

शेवटी सगळ्या कार्डांवरची उत्तरं उलटी लिहून काढली. सगळ्या! पालथ्या घड्यावर पाणी.

२४ ऑक्टोबर

खुणांबरोबर आता शब्द, वाक्यंही कार्डांवर आली. आज चुकाच चुका. हे प्रत्येक खूण आधी स्वतः बघतात, गालातल्या गालात हसतात, मग मला दाखवतात. हसायचं काय त्यात?

"काही नाही. इतकी वर्षं तुझ्या चिठ्ठ्या वाचून गोळ्या दिल्या मी. तुझ्यापुढे या बाबिलोनच्या लोकांचं अक्षर म्हणजे मोती!"

हसू येत होतं, पण दाखवलं नाही.

११ नोव्हेंबर

प्रवेशाच्या तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. दुसऱ्या गावी जायचंय, आणि तिथल्या वसतिगृहात खोली फक्त उमेदवारांना. ह्यांचं सुरू — "मग मी कुठल्यातरी लॉजच्या गादीवर झोपू? माझी कंबर?" म्हटलं, मुदत अजून आहे, तुम्हीपण अर्ज भरून टाका. पदवी आहे, खोली मिळेल.

"आणि मला काही विचारलं तर?"

"सांगा येत नाही म्हणून. खोटं थोडंच आहे!"

लेकीला सांगितलं. इतकी हसली की फोन ठेवून द्यावा लागला.

१ डिसेंबर

परीक्षा उद्या. सकाळपासून चौथ्यांदा घड्याळ बघितलं. माझ्या खुर्चीत बसताना लोकांना असंच होत असेल का?

२ डिसेंबर

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

विभागाच्या प्राध्यापक बाईंनी मातीची पाटी हातात दिली. नक्कलच, पण तळहातात बरोबर बसणारी, गार. मी आजवर फोटोच पाहिलेले! पुढची बाजू झकास वाचली. कुणीतरी शेजाऱ्याला बजावतोय — नेलेला बैल परत कर. बाई मान डोलावत होत्या. मग मी पाटी उलटली, पुस्तकाचं पान उलटावं तशी. मागची एकही खूण ओळखू येईना! दोन ओळी ओढूनताणून वाचल्यासुद्धा.

बाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, उलटी धरलीय."

या पाट्या खालून वर उलटायच्या असतात. पुस्तकात वाचलं होतं मी. खाली रेघसुद्धा मारली होती.

माझ्यानंतर हे आत गेले. वाटलं, लगेच येतील. येईचनात. आतून बाईंच्या हसण्याचा आवाज.

परतताना बसमध्ये विचारलं, काय झालं? "काही नाही गं. थोडं आलं, थोडं नाही. तो बैलवाला भारी आहे पण! मागे म्हणतो, बैल मेला असेल तर निदान कातडं तरी पाठव."

मागे! "पाटी कशी उलटलीत?"

ह्यांनी नुसता हात फिरवून दाखवला. खालून वर.

घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

७ डिसेंबर

कार्डं कपाटात टाकली. चहा झाल्यावर ह्यांनी विचारलं, "आज धरू का?" नको म्हटलं.

१९ डिसेंबर

निकाल लागला. जागा ह्यांना. प्रतीक्षायादीत पहिली मी.

न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले. फार हवी होती मला ती जागा. बाहेर आले तर हे गॅलरीत, चोरी केल्यासारखे बसलेले. "मी नाव काढून घेतो. आत्ता कळवतो." म्हटलं, खबरदार! बाईंचा शेवटचा विद्यार्थी आहात तुम्ही.

कपाटातून गठ्ठा काढला. त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि पहिलं कार्ड धरलं.

"अगं, पण मी काय म्हणतो —"

"दातांच्या डॉक्टरसमोर बोलायचं नसतं," म्हटलं. "हं. आ करा."