नऊ दिवसांचं नवं मशीन

खोपट, ठाणे
रविवार दुपार

प्रिय सम्यक,

जय भीम. तू पाठवलेला रेकॉर्ड प्लेअर मी पुन्हा खोक्यात भरून ठेवलाय. मंगळवारी कुरिअरवाला येऊन घेऊन जाईल. फोनवर तू तीनदा विचारलंस, खराब निघाला का, आणि मी तीनदा नुसतं ‘नाही’ म्हणाले. तुला राग आला असणार. मेसेज केला असता तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून हे पत्र. मधेमधे तुटक वाटेल, कारण पप्पांना रेकॉर्ड लावून दिलीय आणि एका बाजूला मला वीस मिनिटं मिळतात. हल्ली माझं सगळंच त्या वीस मिनिटांच्या मापाने चालतं. आंघोळ एका बाजूत, स्वयंपाक तीन बाजूंत.

तुझा हेतू चांगला होता, हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल ताई नुसती कुरकुरतेय. जुन्या मशीनचा बेल्ट सैल झाला होता, गाणी रेंगाळत वाजायची आणि पप्पा अस्वस्थ होऊन घरभर फिरायचे. दोनदा तर दार उघडून खाली एसटी डेपोच्या गेटपर्यंत गेले. रिटायर होऊन अठरा वर्षं झाली, तरी त्यांना वाटतं कुठल्यातरी गाडीचं वायरिंग अर्धवट राहिलंय. रेकॉर्ड लागली की मात्र खुर्चीत शांत बसतात. म्हणून मशीन हवंच होतं. तू रात्रीतून शोधून त्या नव्या ऑटोमॅटिकची लिंक पाठवलीस, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत ऑर्डरही करून टाकलीस.

थांब, पप्पांनी हाक मारली. उठून आले.

ते खोकं यायच्या आत मी डोंबिवलीला महेंद्रकडे जाऊन आले. महेंद्र म्हणजे जुनी मशीनं दुरुस्त करून विकतो तो, पप्पा पूर्वी त्याच्या वडिलांकडून सुया आणायचे. त्याच्याकडे परदेशी बनावटीचं एक जुनं ऑटोमॅटिकही होतं, लाकडी, देखणं, उचलायला दोन माणसं लागावीत असं. पण त्याने स्वतःच सांगितलं, ताई, याच्या आतलं ग्रीस सुकलं की सुईची दांडी अर्ध्या वाटेत अडकते, आणि पार्ट मिळेपर्यंत दिवाळी येते. नवीन हलकं असतं, प्लास्टिकचं, आवाजाला तेवढं वजन नाही, पण बटण दाबलं की दांडी आपली आपण जाते, बाजू संपली की परत येते, मशीन बंद. घरात आजारी माणूस असेल तर नवीनच घ्या, असं तो म्हणाला. धंदेवाल्याने दुसऱ्याच्या मालाची शिफारस केली म्हणजे माझा चेहरा किती उतरलेला असेल बघ. मी आपल्या जुन्यासाठी फक्त बेल्ट घेतला आणि पिशवीत टाकून घरी आले.

नवीन मशीन आलं आणि पहिले चार दिवस मी तुला मनातून आशीर्वाद दिले. खोटं कशाला सांगू. बाजू संपली तरी जुन्यासारखी सुई तिथेच फिरत राहून होणारी ती जीवघेणी खरखर नाही, धावत जाऊन सुई उचलणं नाही. पप्पा नुसते बसून राहायचे, मग मी सावकाश जाऊन रेकॉर्ड उलटायची. उलटायला माणूस लागतोच, ते काही या किमतीच्या मशीनला येत नाही. एके दुपारी मी पाऊण तास झोपले, सम्यक. जागी झाले तेव्हा मला आधी भीती वाटली आणि मग रडू आलं. पप्पांना सांभाळणाऱ्या कमळाबाई दिवा स्टेशनहून येतात, त्यांच्याकडे टँकर आला नाही की त्यांना दहाचे बारा होतात, आणि तोवर माझं ऑफिस माझी वाट बघत नाही. रजा संपल्यात. साहेब चांगले आहेत, पण चांगुलपणालाही रजिस्टर असतं. तू दर वेळी विचारतोस, ताई, काय पाठवू. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, एवढंच म्हणते.

पाचव्या दिवसापासून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. गॅस चालू राहिला की काय असं सारखं वाटावं, तसं. पप्पा गाणं ऐकायचे, बाजू संपायची, दांडी गुपचूप आपल्या जागी जाऊन बसायची, आणि पप्पा तसेच भिंतीकडे बघत राहायचे. हाक नाही, काही नाही. नवव्या दिवशी मी जुनं मशीन पलंगाखालून काढलं, महेंद्रने सांगितल्याप्रमाणे बेल्ट चढवला आणि तीच रेकॉर्ड लावली. शेवटी खरखर सुरू झाली. पप्पांनी मान वर केली आणि हाक मारली. मी तिथेच जमिनीवर बसले.

तुला आपली चाळ आठवते का? जयंतीच्या दिवशी पप्पा हे मशीन खिडकीत ठेवायचे, भोंगा लावायचे आणि स्वतः खाली खुर्च्या मांडायला जायचे. रेकॉर्ड उलटायचं काम तुझं. सात वर्षांचा होतास, स्टुलावर उभा राहायचास. पप्पांनी तुला शिकवलं होतं, दोन्ही तळहातांत कड धरायची, बोट काळ्या भागाला लागता कामा नये. मला नाही शिकवलं. मी आईबरोबर खीर वाटत असायची. खालून पप्पांचा आवाज यायचा आणि तू उलटायचास.

गेल्या वर्षी तू जयंतीला आलास तेव्हा पप्पांनी तुला विचारलं, तुम्ही कुठल्या डेपोतून आलात. तू हसलास, त्यांना पाणी दिलंस आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच बंगळुरूला परत गेलास. मीटिंग निघाली म्हणालास. त्यानंतर तू खुर्ची पाठवलीस, गादी पाठवलीस, आता मशीन. वस्तू चांगल्या आहेत सगळ्या. मला माहीत आहे तू का येत नाहीस. स्वतःच्या बापाने आपल्याला ‘तुम्ही’ म्हणावं, ते सोसायला मलाही जमलं नसतं. मला ते निदान ‘बाई’ म्हणतात. आई बाजारातून कधी येणार, असं रोज एकदा विचारतात, आणि मी ‘येईल’ म्हणते.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. बाजू संपून खरखर लागली की पप्पा जी हाक मारतात ना, ती मला नसते. ‘सम्यक, पलट’ म्हणतात. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा, गेली दोन वर्षं. चेहरा त्यांना आठवत नाही, पण तुझं नाव त्या खरखरीपाशी शाबूत आहे. तू पहाटे निघून गेलास त्याच दिवशी, तू स्टेशनवर पोचायच्या आत, त्यांनी तुला दोनदा हाक मारली होती. मी तुला सांगितलं नाही. माझा जळफळाट व्हायचा. अंग मी पुसायचं, भात मी भरवायचा आणि हाक तुला. एवढं एक तरी तुला कळू नये असं वाटायचं मला. तुझं नवं मशीन खरखर होऊच देत नाही, म्हणून ते परत जातंय. ते पाठवताना तुला कसं माहीत असणार, मीच लपवलं होतं. मला माफ कर. आणि आता मी फार थकले आहे, म्हणून तुला काय पाठवू विचारतोस त्याचं उत्तर देते: काही पाठवू नकोस, पंधरा दिवस ये. तुला ओळखतील असं मी सांगत नाही, बहुतेक पुन्हा डेपोच विचारतील. तू फक्त मशीनजवळ बस. बाजू संपेल, पप्पा हाक मारतील, आणि त्या वेळी मी उठणार नाही.

तुझीच,
दर्शनाताई