एक पायरी बाहेरची ओळ

आत्या, तू गेल्यावर तुझ्या ऑफिसला मी जे चार पानांचं टिपण लिहून दिलं, त्यात एक वाक्य चुकीचं आहे. दुसऱ्या पानावर, पूर्वीच्या चुका या मथळ्याखाली मी लिहिलंय की सळयांच्या लांबीच्या प्रोग्रॅममध्ये लिहिणाऱ्याकडून एक कंस चुकीच्या जागी बंद झाला होता, आणि मी फाइल वाचली तेव्हा तो सापडला. मी फाइल वाचली हे खरं आहे. पण त्याआधी, ती ऑफिसात जाण्यापूर्वी, मी ती उघडून जतनही केली होती. कंस तुझ्या हातून हलला नाही, त्या जतन करण्यात हलला. सात वर्षं ते पान घाटकोपरच्या ऑफिसात फायलीला लावलेलं आहे.

मागच्या मंगळवारी तिथून फोन आला. तुझ्या जागेवर आता एक नवीन मुलगी बसते. म्हणाली, "ताई, तुमच्या टिपणावरून कोड लिहायचा तो एडिटर लावला, कंसांना रंग आले, सगळं झकास चालतंय. फक्त एक विचारायचं होतं. मॅडमचा कंस म्हणजे नक्की काय?" मी विचारलं, हे कुणी सांगितलं तुला. "अहो, इथे कुणाचंही काही चुकलं ना, की साहेब म्हणतात, झाला बघा मॅडमचा कंस. मला वाटलं आपल्या प्रोग्रॅमच्या भाषेतलं, लिस्पमधलंच काहीतरी असेल." ती हसली. मीही हसले, आत्या. "नाही गं, असंच म्हणतात," असं म्हणून फोन ठेवला आणि नंतर दिवसभर माझ्या हातून एक ओळ धड लिहून झाली नाही.

मी आठ वर्षांची असताना संधिवाताच्या तापाने दीड वर्ष शाळेत गेले नव्हते. मुलुंडच्या घरी, स्वयंपाकघरातल्या फोल्डिंगच्या टेबलावर तू मला शिकवायचीस, सकाळी डबा भरता भरता आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर, पर्स खांद्यावरून न काढताच. त्या दिवसांत तू स्वतःही शिकत होतीस. पंधरा वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईने इमारतींच्या सळया काढल्यावर तुमच्याकडे कॉम्प्युटर आला होता, आणि ड्रॉइंगचं ते सॉफ्टवेअर आपल्या मनासारखं वागवायचं तर लिस्प नावाच्या भाषेत लिहावं लागतं हे तुला कळलं होतं. त्या भाषेत करायची क्रिया आधी, आकडे नंतर, आणि सगळं एका कंसात. तू मला बेरीज तशीच शिकवलीस. कंस, अधिक, तीन, चार, कंस पूर्ण. पाचवीत मी शाळेत परत गेले आणि वहीत तसंच लिहिलं. बाईंनी पानभर लाल फुल्या मारल्या. मी रडत घरी आले तेव्हा तू गवार मोडत बसली होतीस. वही गुडघ्यावर घेऊन पूर्ण पान वाचलंस आणि म्हणालीस, "उत्तरं बरोबर आहेत. पण पान बाईंचं आहे. दुसऱ्याच्या पानावर दुसऱ्याची पद्धत पाळायची." मला जवळ घेतलं नाहीस. सगळी गणितं पुन्हा लिहायला लावलीस.

तुझी स्वतःची एक पद्धत होती, ट्रेसिंगच्या काळातली. ड्रॉइंगमध्ये काही बदललं की साहेबांची सही होईपर्यंत तो बदल तू मूळ जागेपासून जरा सरकवून लिहायचीस, म्हणजे कच्चं काय आहे ते नजर टाकताच दिसावं. कोडमध्येही तू तेच करायचीस. नवी ओळ जिथे असायला हवी तिथून एक पायरी डावीकडे उभी असायची. लिस्पला त्याने काही फरक पडत नाही, ती कंस बघते, सोडलेली जागा बघत नाही. सही झाली की तू ओळ आत घ्यायचीस. तोवर मी काही विचारलं की म्हणायचीस, "अजून दारात उभी आहे ती. घरची धरू नकोस." ही पद्धत ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना साखरेने तुझे डोळे धरले. "शेवटी पाच कंस आहेत की सहा, कळतच नाही गं. मुंग्यांची रांग दिसते नुसती." मग मी दोन रविवार बसून तुझ्यासाठी एडिटर लावला. पार्श्वभूमी ट्रेसिंग पेपरसारखी फिकट ठेवली, अक्षरं बोराएवढी केली, कंसांच्या प्रत्येक जोडीला वेगळा रंग दिला. कर्सर एका कंसावर नेला की त्याचा जोडीदार उजळायचा. एक कळ दाबली की कर्सरमागचा तेवढाच तुकडा चालायचा आणि उत्तर खाली यायचं. कुठे अडलं तर एक चौकट उघडायची, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं आणि शेवटी कोण पडलं ते ओळीने सांगणारी. ती चौकट तू नाक पडद्याला लावून वाचलीस आणि म्हणालीस, "ही तर चाळीतली भांडणं झाली. हिने तिला सांगितलं, तिने हिला, आणि फुटली तिसरीचीच बरणी." त्या दिवशी तू खूश होतीस. जेवताना आईला दोनदा सांगितलंस की पोरीने बरं काम केलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पुढच्या शनिवारी आई तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि मी आणखी एक सोय चालू केली. फाइल जतन करताना कोणती ओळ किती आत आहे ते बघून एडिटरने शेवटचे कंस आपले आपण बसवायचे, म्हणजे तुला मोजायलाच नको. मग तुझ्या सगळ्या फाइली उघडून मी एकेक जतन केली. एका फाइलीत बदल झाल्याची खूण आली. मला वाटलं, फालतू मोकळ्या जागा गेल्या असतील. त्या फाइलीत, सळई जाड असेल तर, अशी अट होती आणि अटीखाली दोन ओळी. दुसरी, हुकासाठी, म्हणजे सळईच्या वाकवलेल्या टोकासाठी, जादा लांबी धरणारी, नवी होती आणि बाहेर उभी होती. आदल्या दिवशी तू ती चालवून, तीन सळयांची लांबी हाताने काढून ताडून पाहिली होतीस. बरोबर होती. एडिटरने तिला बाहेर पाहिलं आणि तिच्या आधीच अटीचा कंस लावून टाकला. त्यानंतर जादा लांबी जाड-बारीक सगळ्याच सळयांना लागायला लागली. प्रोग्रॅम कुठेही अडला नाही, म्हणून चौकट उघडली नाही. साहेब घाईत होते, सही राहिली आणि सळया कापायच्या याद्या तशाच साइटवर गेल्या. सही झाली असती तर तू ओळ आत घेतली असतीस आणि त्याच एडिटरने कंस परत जागेवर नेला असता. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलंय. त्याने माझा भाग कमी होत नाही.

कॉन्ट्रॅक्टर ऑफिसात येऊन काय बोलला ते तूच घरी सांगितलंस, त्याच्याच आवाजात. "मॅडम, तीन मजल्यांच्या सळया कापून झाल्या आणि सगळ्या लांब. आता काय गच्चीवर वाळत घालू?" आम्ही सगळे हसलो कारण तू हसवत होतीस. साहेब ओरडले नव्हते. ते म्हणाले होते, "मॅडम, डोळ्यांना आराम द्या. थोडे दिवस घरी बसा." थोडे दिवस संपले नाहीत. ऑफिसातला तुझा डबा आणि चष्म्याचं घर त्यांनी शिपायाबरोबर पाठवून दिलं.

डबा आला त्या संध्याकाळी तू टेबलाशी बसली आहेस. समोर त्या फाइलीची छापील पानं आहेत, हातात भिंग आहे, आणि तू पेन्सिलीच्या टोकाने एकेक कंस मोजते आहेस. त्या ओळीशी येतेस, थांबतेस, मागे जातेस. "माझाच हात गं. इथे बंद केलाय मी. आठवत नाही, पण केलाय." मी ओट्याशी उभी आहे आणि दूध गरम करते आहे. त्यानंतर तू लिस्पची एक ओळही लिहिली नाहीस. एडिटर उघडलाच नाहीस. पुढच्या वर्षी गेलीस तेव्हाही तुझी समजूत हीच होती की डोळ्यांच्या आधी तुझं डोकं गेलं.

फोन आला त्या दिवशी मी तुझा जुना पेनड्राइव्ह काढला. त्यातली शुक्रवारी तू ठेवलेली फाइल आणि शनिवारी मी जतन केलेली फाइल शेजारी शेजारी उघडल्या. फरक एका कंसाचा आहे. दोन्ही मी छापून ठेवल्यात, आणि टिपणाचं दुसरं पान नव्याने लिहिलंय. त्यात तुझी ती सही होईपर्यंत ओळ बाहेर ठेवायची पद्धत समजावून सांगितली आहे, मी चालू केलेल्या सोयीचं नाव लिहिलंय, आणि ती कोणी चालू केली तेही. पाच वेळा लिहिलं. आधीच्या चारांत "नकळत" असा शब्द होता.

तो काढला, कारण त्या संध्याकाळी भिंग खाली ठेवून तू मला विचारलं होतंस, "तू यातलं काही हलवलं नाहीस ना गं?" आणि मी म्हटलं होतं, "नाही, मी फक्त रंग लावले." मग तू आंघोळीला गेलीस, आणि नळाचा आवाज चालू होता तेवढ्यात मी ती सोय एडिटरमधून काढून टाकली.

येत्या शुक्रवारी, चौदा तारखेला, मी अंधेरीच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून मेट्रोने घाटकोपरला जाणार आहे. साहेब साडेतीनला चहाला जागेवर असतात, त्या वेळी त्या नवीन मुलीलाही समोर बसवून दोन्ही कागद दाखवणार आहे. आधी फोन करून वेळ घेतलेली नाही. घेतली असती तर मी ती रद्द केली असती.