उजवीकडची स्क्रीन बंद करू नकोस

चिमे,

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलोय, आजची पाचची वेळ आहे. जेवण झाकून ठेवलंय.

कॉम्प्युटरमागच्या वायरी पाहून ओरडू नकोस. सकाळी शाळेच्या इमारतीचा नकाशा उघडायला गेलो, तर तो दिसेचना. आणखी दोन उघडून पाहिले, तेही गायब. माउसचा बाणसुद्धा उजव्या कडेला जाऊन नाहीसा व्हायचा. म्हटलं, माझे डोळेच गेले की काय! मग मागे हात घालून, स्क्रीनला चित्र पुरवतं त्या ग्राफिक्स कार्डातली एक वायर उपटली आणि वरच्या भोकात खुपसली, तर माझी स्क्रीनच काळी. कशीबशी होती तिथे परत लावली.

मग आठवलं. सोमवारी तुझा दादा भांडून गेला, तेव्हा रागाच्या भरात माझ्या शेजारची, उजवीकडची त्याची स्क्रीन मीच बंद केली होती. वायर मात्र कार्डाला तशीच राहिली, म्हणून कॉम्प्युटर नकाशे तिकडेच पाठवत राहिला. बटण दाबलं, तर तिन्ही नकाशे तिथे हजर. माणूस घरातून गेलाय, हे त्या बापड्या कार्डाला कोण सांगणार?

नकाशे बाजूला सारले, तर खाली स्क्रीनवरच दादाने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं दिसलं: ‘गुरुवार, पाच वाजता. बाबांचे डोळे. सोबत जाणे.’ आणि मी त्याला सोमवारी म्हणालो होतो, तुला बापाची काडीची फिकीर नाही. आता काय समजायचं मी?

ती स्क्रीन चालूच ठेव. त्याचा फोन आला तर सांग, बाबांना दोन स्क्रीनचं काही कळत नाही, घरी येऊन दाखव म्हणावं.

बाबा