एकच उंदीर वाचला

हेब्बाळ, बंगळूर
१२ ऑगस्ट १९९७

ती. आईस मुग्धाचा नमस्कार,

मी बरी आहे. मेसचं सांबार अंगवळणी पडलंय. मुकुलदादाच्या पायांची सूज उतरली का? त्याला जिना चढू देऊ नकोस.

त्याच्यासारखंच हृदय सुजावं म्हणून जनुक बदललेले आमच्या प्रयोगशाळेतले उंदीर. त्यातला एक औषधाने वाचला, असं मी मागे कळवलं होतं. काल तपासणीत कळलं, पिंजरे बदलताना माझ्याच हातून एक साधा उंदीर त्यांच्यात गेला होता. वाचला तो हाच. याला आजार नव्हताच. बाकीचे सगळे गेले.

दादा विचारेलच. सांग, तो उंदीर खातो, पळतो. एवढं तरी खरं आहे.

तुझी,
मुग्धा